हेडलाइट बदलण्याआधी काच बघा

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की रात्री रस्ता नीट दिसत नाही अशी तक्रार सुरू होते आणि पहिला संशय जातो बल्बवर. ॲक्सेसरीच्या दुकानात काउंटरवरच पांढराशुभ्र एलईडी पेटवून दाखवतात, आपले डोळे दिपतात आणि ‘साहेब, दहा मिनिटांत बसवून देतो’ या वाक्यावर सौदा होतो. नाहीतर ऑनलाइन मागवून रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपणच बॉनेट उघडतो. घरी हे काम करायला काहीच हरकत नाही, ते फारसं अवघडही नाही. पण हेडलाइटबद्दलचे जे समज गॅरेजमध्ये आणि व्हॉट्सॲपवर फिरत असतात, त्यांतले बरेचसे चुकीचे आहेत. आणि त्यावर विसंबून केलेल्या कामाचा ताप बहुतेक वेळा समोरून येणाऱ्याला होतो.

उदाहरणासाठी जुनी स्विफ्ट डिझायर डोळ्यांसमोर ठेवू. आपल्याकडच्या त्या पिढीच्या अनेक सेडानसारखा तिच्यात एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच बल्बात दोन फिलामेंट: अप्परसाठी ६० वॅटची, डिपरसाठी ५५ वॅटची.

‘बल्ब जुना झाला, म्हणून उजेड कमी झाला’

हॅलोजन बल्ब वयाबरोबर थोडा मंदावतो हे खरं. पण खरा चोर बहुतेकदा बाहेर, आपल्या नजरेसमोर असतो. हल्लीच्या हेडलाइटची ‘काच’ ही काच नसते. ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावर कारखान्यात एक पारदर्शक संरक्षक थर दिलेला असतो. आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा थर अतिनील किरणांनी झिजतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं आणि धुरकट होतं. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये सुमारे अकरा वर्षं वापरलेल्या सेडान गाड्यांचे दिवे तपासले. लो बीमवर त्यांचा उजेड नव्या दिव्याच्या जेमतेम २२ टक्के भरला. काच घासून पूर्ववत केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. बल्ब बदलून एवढा फरक पडणं अशक्य आहे.

इथेच टूथपेस्टचा नुस्खा आडवा येतो. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरचा पिवळा पापुद्रा निघतो आणि काच चकाकते. पण नवा संरक्षक थर काही टूथपेस्ट देत नाही. उघडं पडलेलं प्लास्टिक काही महिन्यांत पुन्हा पिवळं होतं, बऱ्याचदा पहिल्यापेक्षा लवकर.

नीट करायचं तर एक सकाळ मोडते. हेडलाइटभोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावायची. मग ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर घेऊन भरपूर पाण्यात, एकाच दिशेने घासायचं. सुरुवातीला पिवळसर दुधाळ पाणी ओघळतं. ते पांढरं झालं आणि काचेवर सगळीकडे सारखा मॅट पोत आला, की २००० नंबरचा पेपर, मग ३०००. या टप्प्यावर काच पहिल्यापेक्षा वाईट दिसते आणि घरचे काळजीने विचारायला येतात. घाबरायचं नाही. रबिंग कंपाउंडने पॉलिश केलं की ती स्वच्छ होते. शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारायचा. हा टप्पा गाळणारे लोक सहा महिन्यांनी ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. दोन घटकांचा टू-के लॅकर वापरणार असाल, तर उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच वापरा; त्याची वाफ फुफ्फुसांना घातक असते.

पिवळेपणा आतल्या बाजूने असेल किंवा आतला चकचकीत रिफ्लेक्टरच काळवंडला असेल, तर मात्र घासून काही साधणार नाही. पूर्ण दिवा बदलावा लागतो.

‘जास्त वॅटचा बल्ब घाला, वायरिंग झेपवतं’

१००/९० वॅटचे बल्ब बाजारात सर्रास मिळतात, पण रस्त्यावर वापरायला ते मान्य नाहीत. गणित सोपं आहे: ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या थोडं वर करंट घेतो, ९० वॅटचा साडेसात. कंपनीची बारीक वायर, होल्डर आणि स्टीअरिंगखालचा स्विच पहिल्या आकड्यासाठी बनवलेले असतात. जळून तपकिरी झालेला होल्डर कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर बघायला मिळेल. शिवाय जास्तीची उष्णता रिफ्लेक्टरचा मुलामा खराब करते, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तो उजेडच वर्षा-दोन वर्षांत घटतो.

यातली गंमत अशी की बऱ्याच गाड्यांत ५५ वॅटच्या बल्बलाही पुरतं व्होल्टेज मिळत नाही. एक मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू ठेवा, दिवे लावा. आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, साधारण साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसतील. मग बल्बच्या मागच्या कपलरवर मोजा. तिथे बारा किंवा त्याहून कमी आढळलं, तर मधले दीड-दोन व्होल्ट वायरमध्ये आणि स्विचमध्ये उष्णता होऊन जात आहेत. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीस टक्के घटतो.

त्यावर उपाय म्हणजे रिले असलेलं हार्नेस. त्यात बल्बला करंट थेट बॅटरीकडून, फ्यूजमधून येतो आणि जुन्या वायरिंगकडे फक्त रिलेला ‘चालू हो’ सांगण्याचं काम उरतं. कपलरला कपलर जोडणारं तयार हार्नेस घ्या. मूळ वायर कापून, पिळून, वर टेप गुंडाळू नका. पहिल्याच पावसात त्या जोडाला हिरवा गंज चढतो. आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. पूर्ण व्होल्टेज मिळालेल्या बल्बचं आयुष्य थोडं घटतं, तेवढी किंमत मोजावी असं माझं मत आहे. जुन्या डिझायरसाठी, धुवून-घासून झाल्यावरचा सगळ्यांत पैसेवसूल बदल हाच.

‘एलईडी टाकला की प्रश्न मिटला’

एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघा. मात्र धरायचा बुडाच्या पत्र्याला, काचेला बोट लागता कामा नये. आत दोन बारीक स्प्रिंगसारख्या फिलामेंट दिसतात. डिपरची पुढे, आणि तिच्या खाली धातूची एक चिमुकली वाटी. ही वाटी डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नाही, कारण तिथे पडलेला प्रकाश वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. फक्त वरचा अर्धा रिफ्लेक्टर काम करतो आणि प्रकाश खाली रस्त्यावर टाकतो. ही सगळी भूमिती पाच-साडेपाच मिलिमीटर लांबीच्या, चहूबाजूंनी उजळणाऱ्या फिलामेंटला धरून आखलेली असते. ती मिलिमीटरभर सरकली तरी झोत बिघडतो.

आता त्याच जागी एलईडी बल्ब बसवा. त्याच्या चिप सपाट असतात, पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या, आणि मधल्या पट्टीची जाडी आहेच. प्रकाश दोन दिशांना जोरात आणि इतरत्र कमी पडतो. स्वस्त मालात चिपची जागाही फिलामेंटच्या जागेशी जुळत नाही. परिणामी बंपरसमोरचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता दिवसासारखा उजळतो, मालक खूश होतो, आणि साठ-सत्तर मीटरवरचा बिनदिव्याचा ट्रॅक्टर-ट्रॉली मात्र पूर्वीपेक्षा उशिरा दिसतो. जवळच्या लखलखाटाने बुबुळाचं छिद्र आकुंचन पावतं आणि लांबचा मंद भाग आणखी काळा होतो. समोरून येणारे सारखे डिपर मारायला लागले, की ते उगाच करत नाहीत हे समजावं.

खोक्यावरचा ‘२०,००० ल्युमेन’ हा आकडा तर सरळ विसरा. ५५ वॅटची डिपरची फिलामेंट हजारेक ल्युमेन देते आणि नीट दिव्यात तेवढे पुरतात. शिवाय एलईडी पुढे उष्णता फेकत नसला तरी बुडाशी चांगलाच तापतो. बंद दिव्याच्या आत पंखा घुमतो, पण गरम हवेतच घुमतो. काही मिनिटांत चिप तापते आणि उजेड उतरतो. दुकानात दहा सेकंद पेटवून दाखवलेला दिवा हे सांगत नाही.

‘मग कंपन्यांच्या नव्या गाड्यांत एलईडी कसे?’ असं विचारलं जातं. तिथे दिवा, लेन्स आणि रिफ्लेक्टर एलईडीसाठीच घडवलेले असतात. बदली बल्बचं म्हणाल तर जर्मनीत २०२० मध्ये ओसरामच्या एच-७ एलईडीला पहिल्यांदा रस्त्यावर वापरायची मान्यता मिळाली, पण ती सरसकट नव्हती. ज्या-ज्या मॉडेलच्या दिव्यात तो तपासून पास झाला तेवढ्याच गाड्यांसाठी होती. बल्ब चांगला की वाईट हे दिव्यासकट ठरतं, एकट्या बल्बचा निकाल लावता येत नाही.

एचआयडी, म्हणजे झेनॉन, किटचं त्याहून वाईट. ते पेटताना वीस हजार व्होल्टच्या वरचा ठोका देतं. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि कायदा? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात, कंपनीच्या मूळ तपशिलांत बसणार नाही असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. पूर्ण हेडलाइट परदेशी संकेतस्थळावरून मागवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्या दिव्याचा डिपर डाव्या कडेला वर चढतो, साइडपट्टी आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. अमेरिका, चीन, जर्मनीच्या बाजारातला दिवा उजवीकडे वर चढतो, म्हणजे नेमका समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर.

‘जितकं पांढरं, तितकं जास्त, आणि धुक्यात पिवळंच’

केल्व्हिन हे रंगाचं माप आहे, उजेडाचं नाही. हॅलोजन ३,२०० केल्व्हिनच्या आसपास असतो. निळसर मुलामा दिलेले ‘सुपर व्हाइट’ हॅलोजन बल्ब प्रकाशातला पिवळा-लाल भाग अडवूनच पांढरे दिसतात, म्हणजे उजेड कमी करून.

पिवळा प्रकाश धुकं भेदतो ही समजूत जुनी आहे. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने गाड्यांचे हेडलाइट पिवळेच ठेवले गेले, ते थेट १९९३ पर्यंत. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. निळसर प्रकाश डोळ्याला जास्त खुपतो, तेवढा पिवळ्याचा फायदा मानता येईल. आंबोलीच्या किंवा माळशेजच्या धुक्यात खरं काम करतो तो फॉग लॅम्पचा खाली बसवलेला, रुंद आणि वरून सपाट कापलेला झोत. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, दिव्याचा रंग कोणताही असो. पावसाचंही तसंच: ओल्या डांबरावरचा पाण्याचा थर प्रकाश पुढेच परतवतो, आपल्याकडे फारसं काही येत नाही. त्यावर बल्ब हा इलाज नाही.

‘फोकस कंपनीने सेट करून दिलेला असतो’

दिलेला असतो, पण कधी? स्प्रिंगा बसतात, एखादी छोटी टक्कर होते, दिवा काढून पुन्हा बसवला जातो. पीयूसी केंद्रात कोणी लाइट बघत नाही आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे तेवढी वर्षं फोकस कोणी तपासलाच नाही, असं सहज घडू शकतं.

सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा. टायरमधली हवा बरोबर हवी, डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने आखा. डिपरची वरची कड त्या रेषेखाली सुमारे पाच सेंटिमीटर यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार; काही दिव्यांवर हा आकडा छापलेला असतो, तो पाळा. दिव्याच्या मागे प्लास्टिकचे स्क्रू असतात, एकाने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने बाजूला. पाव-पाव आटा फिरवा. डॅशबोर्डवर ० ते ३ किंवा ५ असे आकडे असलेली चकती असेल तर हे करताना ती शून्यावर ठेवा. गणपतीला डिकी भरून कोकणात निघालात की गाडीचं नाक वर उठतं. ती चकती तेव्हासाठीच आहे, पण अनेकांच्या गाडीत ती शोरूममधून आल्यापासून हललेली नसते.

बल्ब बदलताना दोन गोष्टी पाळा. काचेला बोट लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर त्वचेचं तेल तापून तिथेच काच फुटते. आणि मागचा रबरी बूट नीट बसवा. एलईडीचा पंखा मावत नाही म्हणून तो कापून टाकलेल्या दिव्यांत पावसाळ्यात पाणी साचतं. काचेच्या आत सकाळी जरासं दव दिसलं तर मात्र काळजी नको, दिव्याला हवेसाठी छिद्रं असतात आणि ते उष्णतेने जातं.

काम झालं की एक चाचणी घ्या, ती नियमातच दिलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून आठ मीटरवर, दिव्याच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याचे ते दिपता कामा नयेत. रात्री कोणाला तरी गाडीत बसवून डिपर लावायला सांगा, तेवढ्या अंतरावर जाऊन स्वतः उभे राहा. डोळे मिटावेसे वाटले, तर नवा बल्ब कितीही महागाचा असला तरी काढा आणि जुना परत लावा.