मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाईल?

बोरला वाघ बघायला निघालेली गाडी वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत हॉर्न वाजवते, हिंगणीकडे वळते आणि नाहीशी होते. बोर व्याघ्र प्रकल्प २०१४ मध्ये जाहीर झाला. तेव्हा तो क्षेत्रफळाने देशातला सर्वांत लहान होता. त्याचा पर्यटक सेलूच्या बाजारात उतरून तासभर हिंडावा, असं कुणालाही वाटेल. मग सुचतात त्या ठरलेल्या गोष्टी: कमान, सिमेंटचा वाघ, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट. मला त्यांचा वीट आला आहे, आणि त्याला जबाबदार आहे पॅट्रिक गेडीस नावाचा एक दाढीवाला स्कॉटिश म्हातारा.

गेडीस मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात यायला निघाला आणि शहरांविषयीचं त्याचं अख्खं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. गड्याने नकाशे पुन्हा जमवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला; गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. त्याआधी त्याने गावोगावी पायी हिंडून अहवाल लिहिले. त्यांत नागपूरचाही आहे.

त्याचं भांडण इंजिनिअरांशी होतं. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा म्हणजे शेकडो घरं पाडायची. गेडीस म्हणे, पडीक घरं तेवढी हटवा, मिळालेल्या मोकळ्या जागेत झाड लावा, पार बांधा, विहीर उपसा. गल्ली आपोआप श्वास घेऊ लागेल. खर्च कमी आणि बेघर कुणीच नाही. इतका साधा उपाय ठेकेदारीच्या कारभाराला तेव्हाही रुचला नाही.

होळकर दरबारासाठी त्याने लिहिलेला इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. त्याच्या इंदूरच्या मुक्कामातली दिवाळी अमेलिया डिफ्रीज हिने गेडीसवरच्या तिच्या १९२७ मधल्या पुस्तकात नोंदली आहे. शहरात प्लेग होता. हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली फिरणारा हा साहेबच रोग आणतो, अशी लोकांची समजूत झाली होती. तेव्हा गेडीसने एका दिवसापुरती महाराजाची सत्ता मागितली आणि ती मिळताच जाहीर केलं, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जी वाट सर्वांत स्वच्छ, जिथली घरं सर्वांत नीट डागडुजी केलेली, तिथून जाईल.

झालं! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून शहर घासूनपुसून निघालं. गाडीवारी कचरा बाहेर पडला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत लक्ष्मी होती, हत्ती होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. आणि त्यामागून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून चालले झाडूवाले. इंदूर नगरीची देवताही त्यात होती. शेवटी तुळशीची रोपं वाटली, राक्षस आणि उंदीर जाळले. झाडूवाल्यांना त्या मानाच्या जागी बसवणं हे मला गेडीसच्या सगळ्या आराखड्यांपेक्षा मोठं वाटतं.

याच इंदुरातली ‘छप्पन दुकान’ ही खाऊगल्ली २०२० मध्ये वाहनांना बंद करून नव्याने मांडली गेली. चटक तिथे आधीच होती. फक्त चालायला जागा दिली. आपल्याकडे त्याच वर्षी वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायला गांधीकाळातली झाडं तोडायला घेतली. वर्धेकर भांडले, म्हणून उरलेली वाचली. ज्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी पायी गेले, तिथल्या वाटेची ही कथा! विदर्भाच्या उन्हात सावली नसलेला पदपथ कितीही रंगवा, त्यावरून कोण चालणार?

सेलू तालुक्याला विषय उसना आणावा लागत नाही. शेजारच्या घोराडला केजाजी महाराजांची पंढरी आहे, तिथे माणसं पायीच येतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला. लाकडी बैल घेऊन निघालेल्या पोरांसाठी सारा रस्ता अडतो. सेलूच्या नगरपंचायतीने गेडीसची अट तेवढी उचलावी: दिंडी आणि पोळा यंदा कुठल्या गल्लीतून जाणार हे सावली, नाली आणि ओटे पाहून ठरेल. ज्या गल्लीत पोळ्याला पोर निर्धास्त चालेल, तिथे पाहुणाही गाडी लावून उतरेल आणि चहाच्या टपरीवर थांबेल. कमानीचे पैसे आधी निंबाच्या रोपांवर आणि सफाई कामगारांच्या पगारावर खर्च करा. सिमेंटचा वाघ त्यानंतरही वाटलाच, तर खुशाल बसवा.