अवजारांची घडण (लेखांक ६) : सुई, नोझल आणि कागदावरची रेघ

गेल्या आठवड्यात आपण कंप्रेसर पाहिला. आज त्याच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. एअरब्रश पेनासारखा बोटांत धरतात. लिव्हर खाली दाबला की हवा सुटते. तोच मागे ओढला की आतली सुई मागे सरकते आणि रंग येऊ लागतो. आजच्या धाटणीची ही रचना अमेरिकेत चार्ल्स बर्डिक यांनी १८९०च्या दशकात रूढ केली. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. फरक पडला तो बारकाईत.

जपानच्या इवाता कंपनीचा ‘कस्टम मायक्रॉन’ घ्या. त्याच्या सर्वांत बारीक नमुन्यांत नोझलचं भोक ०.१८ मिलिमीटर असतं. या भोकात निमुळती सुई बसते आणि नोझलच्या बाहेरून, टोपीतल्या गोल फटीतून, हवा जोरात निघते. तिथे दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि त्याचे तुषार होतात. सुई भोकाच्या आणि भोक त्या फटीच्या बरोबर मध्यावर असेल तरच तुषार सरळ जातात. जरा सरकलं की रेघेची एक कड दाट आणि दुसरी विस्कटलेली.

हाताची गरज लागते ती इथेच. लेथवर तिन्ही भाग उत्तम उतरतात, पण अगदी उत्तम भागातही किंचित फरक राहतोच. एकाचा फरक दुसऱ्याने भरून निघेल की वाढेल, हे ते एकत्र बसवल्याशिवाय कळत नाही. म्हणून कारागीर जुळवून पाहतो. मायक्रॉनचा पुढचा भाग जुळवलेला संच म्हणून बदलायला मिळतो, त्याचं कारणही हेच.

बाहेरून न दिसणारं एक काम मला सर्वांत अवघड वाटतं. सुई जिथून रंगाच्या वाटीखाली शिरते, तिथे तिच्याभोवती एक छोटं पॅकिंग असतं. त्याचा स्क्रू सैल राहिला तर रंग मागे, लिव्हरच्या खोबणीत झिरपतो. जास्त आवळला तर सुई अडखळते आणि कलाकाराच्या बोटाला रंगावरचा ताबा राहत नाही. मग स्क्रू थोडा आवळायचा, सुई पुढेमागे सरकवून पाहायची, पुन्हा थोडा आवळायचा. सुई सहज सरकतेय पण तिच्यावर हलकी पकड जाणवतेय, इथे थांबायचं. हे बोटालाच कळतं.

मग तपासणी. सुईचं टोक भिंगाखाली पाहतात. ती सपाट काचेवर लोळवली की वाकडेपणा लगेच दिसतो. हवा सोडल्यावर वाटीतल्या रंगात बुडबुडे आले, तर नोझल नीट बसलेलं नाही आणि हवा मागे शिरतेय, हे नक्की. शेवटी कागद. आधी ठिपके, मग केसासारखी बारीक रेघ, मग तीच रेघ न थांबता रुंद करत हलक्या सावलीत विरवायची. रेघ मध्येच तुटली, रंग धक्क्याधक्क्याने आला किंवा सावलीत मोठे थेंब पडले, तर सगळं उघडून पुन्हा जुळवायचं. कागदावरची ही रेघच खरी परीक्षा, असं माझं मत आहे. मापं बरोबर येऊनही फवारा तिरका पडू शकतो.

जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेक कंपनीने दुसरा मार्ग धरला. तिचं नोझल आट्यांवर फिरवायचं नसतं. ते जागेवर नुसतं बसतं आणि टोपी आवळली की आपसूक मध्यावर येतं. रोज उघडून धुणाऱ्या माणसाला हे सोयीचं.

आपल्याकडे मूर्तींच्या शेडिंगपासून हेल्मेटवरच्या चित्रांपर्यंत एअरब्रश वापरला जातो. वाचकांपैकी कोणाकडे आट्यांचं बारीक नोझल असेल, तर एक कळकळीची विनंती : ते पकडीने कधीही आवळू नका. सोबत आलेल्या छोट्या पान्याने, हलक्या हाताने, टेकेपर्यंतच फिरवा. आटे तुटले की त्यांचा तुकडा आत अडकतो, आणि तो काढणं नवीन नोझल घेण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.