आंघोळीचे पाणी, हीट पंप आणि छतावरचे अनुदान

बुलढाणा जिल्ह्यात घरगुती उष्णतेची गरज म्हणजे मुख्यतः आंघोळीच्या पाण्याची गरज होय. खोल्या उबदार ठेवण्याचा प्रश्न घाटावरच्या बुलढाणा-चिखली परिसरातही थंडीच्या मोजक्या रात्रींपुरताच येतो आणि तो गोधडीवर भागतो. युरोपात हीट पंपाला महत्त्व आले ते तेथे घरे महिनोन्महिने तापवावी लागतात म्हणून. ब्रिटनने तर २०१४ पासून अशी यंत्रणा घरात बसविणाऱ्यांना सात वर्षे दर तिमाहीस रक्कम देणारी योजना चालविली आणि मार्च २०२२ अखेर ती नव्या अर्जदारांसाठी बंद केली. भारतात घरगुती हीट पंपासाठी केंद्राचे अनुदान नाही, आणि सौर बंबाला पूर्वी मिळणारे केंद्राचे भांडवली अनुदानही २०१४ मध्ये थांबले. सरकारी मदत आज मिळते ती पाणी तापविणाऱ्या यंत्राला नव्हे, तर त्याला लागणारी वीज छतावर तयार करणाऱ्या सौर पॅनेलला, आणि निवडीचा सगळा हिशेब येथूनच सुरू होतो.

हीट पंप स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. फ्रिज ज्या तत्त्वावर आतली उष्णता बाहेर टाकतो, त्याच तत्त्वावर तो भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून ती टाकीतील पाण्यात सोडतो, त्यामुळे एक युनिट विजेच्या मोबदल्यात साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात उतरते. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर सुमारे २.९ युनिट उष्णता लागते. गीझर तेवढीच वीज घेतो, हीट पंपाचे काम एका युनिटच्या आसपास भागते. महिन्याला सुमारे ६० युनिट वाचतात आणि युनिटमागे १० रुपये धरले, तर बचत ६०० रुपये होते. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढचा टप्पा जवळजवळ दुप्पट महाग असल्याने ही बचत ज्यांचे बिल त्या टप्प्यात जाते, त्यांनाच खऱ्या अर्थाने जाणवते. परंतु घाटाखाली एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणीच अंगाला सोसवत नाही, म्हणजे बचतीचे महिने चार-पाचच उरतात, आणि हीट पंपाची किंमत मात्र गीझरच्या कित्येक पट असते.

तरीही तो घ्यायचा ठरल्यास क्षमतेच्या आकड्याआधी पाणी तपासावे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हे तालुके खारपाणपट्ट्यात येतात. तेथील बोअरचे क्षारयुक्त पाणी तापले, की धातूवर पांढरा थर धरते आणि तो थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही. अशा ठिकाणी उष्णता देणारी नळी पाण्यात बुडालेली नसून टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली आहे, टाकीला आतून काचेचा लेप आहे आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारी संरक्षक धातुकांडी बदलता येते, अशीच रचना निवडावी. सौर बंबातही तांब्याच्या बारीक नळ्यांपेक्षा काचेच्या निर्वात नळ्या या पाण्यात अधिक टिकतात. यंत्र मोकळ्या हवेत असावे, आणि ते पहाटे न चालविता दुपारी चालवावे, कारण तेव्हा हवा उबदार असल्याने वीज कमी लागते आणि पॅनेलही भरात असतात; चांगल्या आवरणाच्या टाकीत ते पाणी सकाळपर्यंत गरम राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, आणि दिवसाची जास्तीची वीज नेट मीटरमुळे रात्रीच्या वापरात वळती होते, म्हणजे जुन्या गीझरचाही खर्च त्यातून निघू शकतो. वीज गेली असता मात्र असे पॅनेलही बंद पडतात, हा मुद्दा विक्रेते क्वचितच सांगतात; सौर बंबाला ती अडचण नाही. गावाकडे पऱ्हाटी आणि तुराट्यांवर पेटणारा तांब्याचा बंब हीसुद्धा अक्षय उष्णताच, फक्त तिचा धूर कोणी मोजत नाही.

एकंदरीत चार-पाच माणसांच्या घराने आधी पॅनेल बसवावेत आणि आहे तो गीझर चालू द्यावा. वसतिगृह, रुग्णालय किंवा शेगावच्या यात्रेकरूंसाठीचे निवास यांसारख्या, बाराही महिने शेकडो लिटर गरम पाणी लागणाऱ्या ठिकाणी हीट पंप लवकर फिटतो. सूर्यघरचे अनुदान भारतीय बनावटीच्या पॅनेललाच मिळते, काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच करावे लागते आणि रक्कम यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.