आगीत टिकणारं काँक्रीट: चुरा चालेल, पण कोणत्या दगडाचा?

काँक्रीट जळत नाही हे खरं, पण आगीत ते बिघडतं. साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअसला सिमेंटमधला चुना विघटित होतो आणि 573 अंशांला वाळूतल्या क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलून ते एकदम फुगतं. भोवतालचं सिमेंट मात्र पाणी गमावून आकसत असतं, म्हणून तडे जातात. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. तो तापला तरी बेताने प्रसरण पावतो. त्यामुळे क्रशरवर पडून राहणारी डस्ट चाळून, धुऊन वाळूच्या जागी वापरणं मला नुसती काटकसर वाटत नाही.

मग कुठलाही टाकाऊ चुरा चालेल का? नाही. ग्रॅनाइट कापताना निघणाऱ्या गाळात क्वार्ट्झ भरपूर असतं. राजस्थानात किशनगडला संगमरवराच्या अशाच गाळाचे पांढरे ढीग साचलेत. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट 700 अंशांच्या आसपास विघटित होताना उष्णता शोषतं, पण मागे कळीचा चुना उरतो आणि बंबाचं पाणी पडलं की तो फुगतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बारीक भुकटीने काँक्रीट घट्ट होतं, आतली वाफ कोंडते आणि कपचे उडतात. त्यावर पॉलिप्रोपिलीनचे तंतू मिसळतात. ते 160 अंशांच्या सुमारास वितळून वाफेला वाट देतात. अर्थात सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी पडलं, तर यातलं काहीच वाचवणार नाही. क्रश सँड, म्हणजे वाळूच्या जागी वापरायचा हा चुरा, घेताना दगड कोणता, हे पुरवठादाराला जरूर विचारा.