पळते झकास, पण थांबते का?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी पोलो जीटी उभी असली की तिच्याभोवती चार जण जमतातच. ‘रिमॅप केलीस का?’, ‘एक्झॉस्ट कुठला टाकलास?’, ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’ प्रश्न ठरलेले असतात. ‘ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस?’ असं मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही तीच गाडी घेऊन रेसिंग ट्रॅकवर जायचा बेत आखत असाल, तर सुरुवात याच बोअरिंग प्रश्नापासून करायची आहे.

आपल्या अंगणातल्या हॉट हॅच

हॉट हॅच म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. घरच्यांना घेऊन भाजी आणायला जाता येईल अशी साधी हॅचबॅक घ्यायची, तिच्यात दमदार इंजिन बसवायचं आणि सस्पेन्शन जरा कडक करायचं. १९७६मध्ये विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला.

आपल्याकडच्या गाजलेल्या अशा गाड्यांचं महाराष्ट्राशी जवळचं नातं आहे. २००१मध्ये आलेली १.६ लिटरची फियाट पालिओ कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. २०१३ची पोलो जीटी टीएसआय चाकणची. सुमारे १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. २०१५ची अबार्थ पुंटो रांजणगावची. तिची ताकद सुमारे १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. यातली एकही आज शोरूममध्ये नवी मिळत नाही. पोलोनेही २०२२मध्ये निरोप घेतला. त्यामुळे पहिल्या नोकरीच्या पगारातून सेकंडहँड घेतलेली किंवा बाबांनी ‘आता तू वापर’ म्हणून दिलेली, अशीच ही गाडी बहुतेकांच्या हातात येते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही

ट्रॅक डेला कुणी पहिलं येत नाही आणि कुणाला कप मिळत नाही. पैसे भरून तुम्ही आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवता, साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये. ओव्हरटेक कुठे आणि कसं करायचं याचे नियम असतात, मार्शल असतात, झेंडे असतात, अॅम्ब्युलन्स असते. समोरून ट्रक येत नाही, की मध्येच कुणी आजी रस्ता ओलांडत नाहीत.

हे सगळं ताम्हिणीत किंवा लोणावळ्याच्या वळणांवर नसतं. तरी रविवारी पहाटे तिथे काय चालतं, ते रील्समध्ये आपण पाहतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. रस्त्यावरच्या चुकीची किंमत बऱ्याचदा दुसराच कुणीतरी चुकवतो. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर गेले, ते आपल्याच वयाचे होते. ट्रॅकवर चूक झाली तर बहुतेक वेळा टायर घासतो, गाडी मातीत जाते आणि चार लोक हसतात.

अडचण एकच. मोठे ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे साधारण दोन किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा सुमारे ३.७ किलोमीटरचा, तर फॉर्म्युला वन झालेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. पुण्याहून कोइम्बतूर किंवा चेन्नई गाठायचं म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. ट्रेलर परवडत नसेल तर ज्या गाडीने ट्रॅक गाजवायचा, त्याच गाडीने घरी यायचं आहे. तयारीचा सगळा हिशोब इथून मांडा. गाडी किती पळेल यापेक्षा ती प्रत्येक वळणाआधी थांबेल का आणि संध्याकाळी धड असेल का, हे बघायचं.

आधी लगीन ब्रेकचं

थोडं गणित करू. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली गतिज ऊर्जा चौपट होते. बाराशे किलोची गाडी ताशी १४०वरून ६०वर आणली की जी ऊर्जा कमी होते, तिच्यात दोन लिटर पाण्याला आधण येईल. त्यातली बहुतेक उष्णता ब्रेकमध्ये जाते, तीही काही सेकंदांत. ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला तीन-चारदा होतं. शहरात सिग्नल ते सिग्नल मस्त चालणारे ब्रेक इथे तिसऱ्या लॅपला हात टेकतात.

हात टेकण्याचे प्रकार दोन. पहिल्यात पेडल कडकच राहतं, पण गाडी थांबत नाही. म्हणजे पॅड त्यांच्या सहनशक्तीपलीकडे तापले. दुसरा प्रकार जास्त वाईट. पेडल स्पंजसारखं मऊ होतं आणि थेट तळाला जातं. म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय फक्त बुडबुडे दाबत बसतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू धाडकन खाली येतो. डीओटी-४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हाच आकडा १५५वर येतो. डीओटी ५.१साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. म्हणजे जुनं ‘भारी’ ऑइल ताज्या साध्या ऑइलपुढे हरतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचं, सीलबंद बाटलीतलं ऑइल ट्रॅक डेच्या आधी भरा आणि चारही चाकांचं ब्लीडिंग करून घ्या. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नका. डीओटी-५ हे नाव वाचून ५.१चाच भाऊ समजू नका. ते सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं असतं आणि या ऑइलमध्ये मिसळत नाही. हा सगळा खर्च मित्रांच्या एका पिझ्झा पार्टीएवढा आहे.

पॅड बदलायचे असतील तर जास्त तापमान झेलणारे घ्या, पण अस्सल रेसिंगचे नकोत. ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि परतीच्या हायवेवर तुम्हाला थंड ब्रेकही लागणार आहेत. डिस्कला तडा किंवा खोल चऱ्या नाहीत ना, तेही बघा. पोलो जीटीला मागे ड्रम आहेत, तेही उघडून साफ करून घ्या.

वय वर्षांत मोजा

‘गाडी जुनी आहे, पण चाळीस हजारच चाललीय’ हे वाक्य सेकंडहँड बाजारात फार ऐकू येतं. रबराला मात्र किलोमीटर कळत नाहीत. उभ्या गाडीचंही रबर म्हातारं होतं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, कूलंटचे होज पाइप, बेल्ट आणि ब्रेकचे रबरी पाइप एकदा लिफ्टवर घेऊन हाताने दाबून तपासा. भेगा दिसल्या की बदला. इंजिनला टायमिंग बेल्ट असेल तर तो शेवटचा कधी बदलला याचं बिल शोधा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. शॉकअपमधून तेल झिरपत असेल तर वळणात गाडी उसळेल, आणि ते ट्रॅकवर कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर दगडासारखं कडक झालं असेल तर पकड गेलेली असते. ट्रॅकवर टायर तापले की आतली हवाही फुगते. सकाळी ३२ भरलेली हवा सेशननंतर ३८-४० सहज दाखवते. म्हणून आपला गेज जवळ ठेवा, पिटमध्ये आल्यावर लगेच मोजा आणि जास्तीची हवा काढा. संध्याकाळी टायर थंड झाल्यावर मात्र ती परत भरायला विसरू नका. कमी हवेच्या टायरवर हजार किलोमीटर हायवे म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेलं संकट.

इंजिनचं काय? नवं ऑइल आणि फिल्टर, पातळी वरच्या खुणेच्या जवळ, पण वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, त्यामुळे कमी ऑइल टर्बोवाल्या इंजिनला महागात पडतं. कूलंट, रेडिएटर आणि पंखा तपासा. तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर फुल्ल करा आणि वेग कमी करून पिटमध्ये या. घामाघूम व्हाल, पण हेड गॅस्केट वाचेल.

आणि रिमॅप? या वर्षी नकोच. जास्त ताकद म्हणजे वळणाआधी जास्त वेग आणि ब्रेकमध्ये आणखी उष्णता. शिवाय कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात स्पष्ट केलंय. गाडी हलकी करायची असेल तर डिकी रिकामी करा. त्याला परवानगीही लागत नाही.

ड्रायव्हरचीही सर्व्हिसिंग हवी

पॉलिसीचा कागद एकदा खरंच उघडा. ‘वापराच्या मर्यादा’ या भागात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर बंपर तुटला तर तो तुमच्याच खिशातून येणार. गाडी बाबांच्या नावावर असेल तर हे त्यांना आधी सांगा. गुपचूप नेलेल्या गाडीत मन मोकळं ठेवून चालवताच येत नाही.

पहिल्या सेशनला सत्तर टक्केच जोर लावा. ब्रेक गाडी सरळ असताना मारा, मग वळा, आणि रस्ता सरळ दिसू लागल्यावर अॅक्सिलरेटर द्या. वळणात हळू शिरणारा बाहेर वेगात पडतो, हे प्रत्येक ट्रॅकवर शिकवतात. झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू व्हा, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटकडे. काळा तुम्हाला दाखवला तर पिटमध्ये येऊन कारण ऐका. आयोजकांनी ट्रेनर दिला असेल तर त्याला शेजारी बसवा. त्याची अर्ध्या तासाची बडबड कुठल्याही एक्झॉस्टपेक्षा जास्त वेग देते. एवढ्या लांब जाण्याआधी हात साफ करायचा असेल तर कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे. वळणाची रेषा तिथेही तीच असते.

शेवटचा लॅप नेहमी सावकाश, ब्रेक जवळपास न वापरता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले ब्रेक चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. मग पॅड किती उरलेत ते बघा आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. त्या रात्री तिथेच मुक्काम करा. दिवसभर उन्हात आणि हेल्मेटमध्ये काढल्यावर तुम्हीही तापलेल्या ब्रेकइतकेच थकलेले असता. घरचा रस्ता दुसऱ्या सकाळी धरा, थंड टायरमध्ये नीट हवा भरून.

निघण्याआधी एवढं कराच

* ताजं ब्रेक ऑइल, ब्लीडिंग, आणि सोबत पॅडचा जादा सेट.
* टायरची तारीख, स्टेपनीसह. स्टेपनी प्रवासात हवीच, ट्रॅकवर उतरताना पिटमध्ये काढून ठेवा.
* नट आवळण्याचा टॉर्क पाना, हवेचा गेज, एक लिटर इंजिन ऑइल, कूलंट.
* पुढचा टो हुक कुठे बसतो ते घरीच बसवून बघा.
* मॅट, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. पेडलखाली अडकलेली बाटली ब्रेक दाबू देत नाही.
* आयोजकांना चालणारं फुल फेस हेल्मेट, सुती कपडे, बंद बूट. चप्पल घरीच.
* पार्ट्स महिनाभर आधी मागवा. बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट आदल्या दिवशी मिळत नाही.