वाजतं वाद्य गोड होतं, ते कशानं?

आज आपण बोलणार आहोत वीणेबद्दल आणि तिच्या थोरल्या बहिणीबद्दल, म्हणजे तंबोऱ्याबद्दल. दिंडीत विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असते. सप्ताहात तर ती सात दिवस, सात रात्री खाली टेकत नाही, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती पहारा बदलत जातो. अशी वीणा रोज कानावर पडते, पण ती बोलते कशी आणि वर्षं गेल्यावर तिचा आवाज का बदलतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

जुनी माणसं म्हणतात, “वाद्य जेवढं वाजेल तेवढं पिकतं.” सतार, सारंगी, मॅन्डोलिन वाजवणारेही हेच सांगतात, की नवं वाद्य मुकं-मुकं वाटतं आणि वाजवता वाजवता खुलतं. हे खरं किती, हे आपल्याला कळायला हवं, कारण त्यात मंडळाचा पैसा गुंतलेला असतो. देवळाच्या माळ्यावर पडलेली जुनी वीणा मोडीत द्यायची का? आणि दुकानदार “ही जुनी आहे, पिकलेली आहे” असं म्हणून जास्त किंमत सांगत असेल, तर ती द्यायची का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आजच्या बोलण्यात मिळतील.

आधी वाद्य कसं घडतं ते पाहू. आपल्याकडे या कामाचं मोठं गाव म्हणजे सांगली जिल्ह्यातलं मिरज. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज हत्यारं घडवणारे शिकलगार. तलवारींची मागणी संपली आणि त्याच कसबी हातांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

या वाद्याचा जन्म मात्र शेतात होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात मोठे कडू भोपळे लावतात. ते खायचे नसतात. वेलावर पूर्ण तयार झालेला भोपळा महिनोन् महिने सुकवतात, मग कारागीर तो कापून, भिजवून, आतला गर खरवडून साफ करतो. त्यावर तून नावाच्या लाकडाची दांडी आणि तबली बसते. तबली म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी पातळ लाकडी पाटी. तबलीवर घोडी आणि घोडीवरून तारा. तार छेडली की घोडी हलते, घोडीमुळे तबली हलते, तबली आणि भोपळा मिळून आतली हवा हलवतात. नुसत्या तारेचा आवाज किती बारीक असतो! तो मोठा होतो या पातळ लाकडामुळे आणि पोकळ भोपळ्यामुळे.

आता मुद्द्याचं. काळ गेला की यात काय काय बदलतं?

पहिली गोष्ट लाकडाची. पावसाळ्यात आपल्या घराचं दार फुगतं आणि उन्हाळ्यात सैल होतं. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, म्हणून असं होतं. वीणेचं लाकूडही तेच करतं. पाणी प्यालेलं लाकूड जड होतं आणि आवाज गिळतं. सुकलेलं लाकूड हलकं असतं, ते लवकर थरथरतं. कारागीर लाकूड मुरवून, सुकवूनच वापरतो. तरी पुढे कित्येक वर्षं लाकडाच्या आतले काही घटक हळूहळू विरत जातात आणि जुनं लाकूड नव्याइतकं पाणी पीत नाही. हा बदल खरा आहे. पण तो काळानं होतो, आणि त्याला दहा-वीस नाही तर त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट वाद्य बसण्याची. नवीन घराच्या भिंती जशा बसतात, तसं हे. तारांचा ताण सतत दांडीला ओढत असतो आणि घोडीखालची तबली दाबत असतो. पहिल्या काही महिन्यांत सांधे बसतात, पॉलिश कडक होतं, खुंट्या आपापल्या भोकात घट्ट बसतात. नव्या ताराही सुरुवातीला ताणत जातात, म्हणून नवी वीणा सारखी उतरते. थोडे दिवस गेले की सूर टिकायला लागतो. म्हणून नवी वीणा आणल्यावर पहिल्याच आठवड्यात “ही काही बरी नाही” असं ठरवू नये.

तिसरी गोष्ट जवारीची, आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. तंबोऱ्याची घोडी वर रुंद असते आणि तिचा माथा अगदी हलका उतरता घासलेला असतो. थरथरणारी तार त्या उतारावर अलगद घासत राहते, त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा साधतात. दोरा जरा इकडचा तिकडे झाला तर नाद बसतो. आता रोज वाजवून काय होतं? तार घोडीवर बारीक चर पाडते. सुरुवातीला जवारी खुलल्यासारखी वाटते, पण चर खोल गेला की आवाज चिरका किंवा बद्द होतो. मग कारागिराकडून घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. त्याला जवारी काढणं म्हणतात. आपलं जातं दळून दळून गुळगुळीत होतं तेव्हा त्याला टाकी लावावी लागते ना? तसंच हे आहे. जातं म्हातारं झालं म्हणून कुणी फेकत नाही, टाकी लावून पुन्हा दळायला बसतो.

आणि चौथी गोष्ट आपल्या हाताची, कानाची. नवं वाद्य हातात आलं की बोट कुठे, किती जोरानं लावायचं हे कळत नाही. सहा महिन्यांनी तेच बोट हलकं पडतं. सूर लावताना कान तयार होतो, दोऱ्याची जागा सापडते. वीणा गोड झाली असं आपण म्हणतो, पण त्यातला बराचसा गोडवा वाजवणाऱ्याच्या हातात आलेला असतो.

हे आम्ही मनाचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियात एका कारागिरानं एकाच लाकडातून, एकाच वेळी दोन सारखी व्हायोलिनं बनवली. एक संग्रहालयात जपून ठेवलं, दुसरं एका वादकानं नेहमी वाजवलं. तीन वर्षांनी दोन्हींची परीक्षा घेतली. ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना दोन्हींत ठाम असा फरक सापडला नाही. २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांना काळे चष्मे घालून जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुनी म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीची, करोडोंच्या किमतीची. दहापैकी सहाजणांनी नवं व्हायोलिन पसंत केलं! व्हायोलिन म्हणजे वीणा नव्हे हे खरं, पण “जुनं म्हणजे चांगलंच” ही समजूत किती तपासून घ्यायला हवी, हे यातून कळतं.

मग जुनी माणसं चुकीचं बोलतात का? तसं नाही. जे वाद्य रोज वाजतं, त्याची रोज देखभाल होते. ते पुसलं जातं, तार गंजली की बदलली जाते, जवारी बिघडली की लगेच कळतं. माळ्यावर पडलेल्या वीणेला यातलं काही मिळत नाही. तारा गंजतात, भोपळ्याला कीड लागते, सांधे सुटतात. वाजवण्यानं लाकूड पिको न पिको, न वाजवण्यानं वाद्य नक्की मरतं.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे येऊ. जुनी वीणा मोडीत देण्याआधी ती उजेडात आणून बघा. भोपळ्यावर टिचकी मारा. फुटका आवाज आला तर तडा आहे. बारीक भुसा पडत असेल तर कीड आहे. दांडी वाकली आहे का, ते एका टोकाला डोळा लावून पाहा. भोपळा आणि दांडी शाबूत असतील, तर नव्या तारा आणि जवारी एवढ्यावर ती पुन्हा बोलू शकते, आणि हा खर्च नव्या वीणेपेक्षा पुष्कळ कमी येतो. तडा गेला असेल तर घरी एम-सील भरत बसू नका, कारागिराकडे न्या.

नवी घेताना वयाला पैसे देऊ नका, आवाजाला द्या. दोन-तीन वाद्यं शेजारी ठेवून, एकाच सुरात लावून ऐका. एकीनं वाजवावं आणि बाकीच्यांनी पाठ करून ऐकावं, म्हणजे रंग आणि नक्षी डोळ्यांत भरणार नाही. बायकांच्या सुराचा तंबोरा आकारानं थोडा लहान असतो, तेही विचारून घ्या. आणि जवारी पुन्हा काढून द्याल का, हे दुकानातच ठरवा.

सांभाळायला फार काही लागत नाही. वाद्य चुलीजवळ, उन्हात किंवा ओलसर भिंतीला टेकून ठेवू नये. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नये, आत दमट होतं. सुती कापडाची गवसणी शिवावी, जुन्या लुगड्याचीही चालते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसाव्यात, हाताच्या घामानं त्या गंजतात. लाकडाला खोबरेल लावू नये. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल कराव्यात.

आणि शेवटचं. पुष्कळ ठिकाणी मंडळाची वीणा एकाच माणसाच्या हातात असते आणि बाकीच्या बाया फक्त टाळ धरतात. हात आणि कान तयार व्हायला सराव लागतो, हे आपण आत्ताच पाहिलं. तो सराव ज्यांना मिळतो त्यांचीच वीणा गोड होते. तेव्हा मंडळात पाळी लावा. आज एकीनं, उद्या दुसरीनं, पोरीबाळींनीही. वर्षभरात वीणा खुलली असं सगळ्या म्हणतील, आणि ती कशानं खुलली हेही तुम्हाला ठाऊक असेल.

आपल्या गावच्या वीणेची हकिकत आम्हाला जरूर कळवा. रामराम.