पावसाचं पाणी भरण्यासाठीच बांधलेला चौक

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा बराचसा भाग समुद्रसपाटीखाली आहे, त्यामुळे जोराच्या पावसाचं पाणी तिथे आपोआप वाहून जात नाही. यावर २०१३ मध्ये बेन्थेमप्लाइन चौकात काढलेला तोडगा मला फार आवडतो. 'दे उर्बनिस्तेन' या संस्थेने टाक्या जमिनीखाली दडवल्या नाहीत, तर चौकच पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवला. त्यात तीन खोलगट जागा आहेत आणि त्यांत मिळून सुमारे १७ लाख लिटर पाणी मावतं!

दोन उथळ जागांत जवळपास प्रत्येक पावसाचं पाणी उतरतं आणि नंतर जमिनीत मुरतं. तिसरी खोल जागा पाऊस बराच वेळ सलग पडला तरच भरते. एरवी तिथे मुलं बास्केटबॉल खेळतात, प्रेक्षक पायऱ्यांवर बसतात. पाणी नेणारे स्टीलचे पन्हळ मुद्दाम रुंद ठेवलेत, कोरड्या दिवसांत त्यांवरून स्केटिंग करता यावं म्हणून. जिथे पाणी भरू शकतं तिथे निळा रंग दिलाय. भोवती झाडं आणि गवतही आहे.

डासांचं काय? खोल जागेतलं पाणी जास्तीत जास्त ३६ तासांत बाहेर सोडलं जातं. डासाच्या अळीला वाढायला याहून बराच जास्त वेळ लागतो.

शेजारच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी, चर्च, नाट्यगृह या सगळ्यांना आराखडा ठरवतानाच सोबत घेतलं होतं. मला वाटतं, या चौकाचं खरं यश त्यातच आहे. आपल्याकडे चौकाचं 'सुशोभीकरण' होताना झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले जातात, तिथल्या रहिवाशांना कुणी विचारतं का?